काळ्या अक्रोडाच्या सालीचा रंग: लोकर, सुती कापड आणि लाकूड रंगवायचं असेल तर

सप्टेंबर संपत आला की आमच्या मागच्या अंगणात रात्री-बेरात्री धप्प धप्प आवाज व्हायला लागतात. ओहायोत हे घर घेतलं त्या पहिल्या वर्षी शेडच्या छपरावरच्या त्या आवाजाने मी दोनदा दचकून उठले होते. सकाळी पाहिलं तर गवतात टेनिसच्या चेंडूसारखी हिरवी फळं पसरलेली. झाड होतं काळ्या अक्रोडाचं. आपण दिवाळीला सुकामेव्यात आणतो तो अक्रोड वेगळा. हा त्याचा अमेरिकी भाऊबंद, पूर्व आणि मध्य अमेरिकेतला मूळचा रहिवासी. असोल्या नारळाला जसं सोडण, तशी याच्या कवचाभोवती जाड, रसाळ हिरवी साल असते. आमच्या गल्लीत लोक ही फळं कागदी पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीला देतात.

त्या सालीत इतका पक्का तपकिरी रंग आहे की लोकरीवर तो बसवायला तुरटीसुद्धा लागत नाही. गेली सहा वर्षं मी दर ऑक्टोबरला हा रंग करते. अमेरिकेत किंवा कॅनडाच्या दक्षिण भागात राहणाऱ्या आणि अंगणात, शेजारी किंवा ओळखीच्या शेतावर असं झाड असलेल्या प्रत्येकासाठी हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढच्या सगळ्या पायऱ्यांचं कारण कळेल. हिरव्या सालीत रंग तयार नसतो. साल कापली की आतला जवळजवळ रंगहीन पदार्थ हवेच्या संपर्कात येतो आणि त्याचं जुग्लोन होतं. कापलेला भाग आधी पिवळट, मग तपकिरी, मग काळपट होताना डोळ्यांसमोर दिसतो. मेंदीतला रंग देणारा पदार्थ म्हणजे लॉसोन. जुग्लोन आणि लॉसोन यांचं रासायनिक सूत्र एकच आहे, रेणूमधल्या एका गटाची जागा तेवढी वेगळी. म्हणून अक्रोडाची साल हाताला लागली की मेंदीसारखीच कातडीत मुरते आणि कातडी झडेपर्यंत जात नाही. ज्यांनी मेंदी भिजवून, वाट पाहून, वाळवून रंग चढवला आहे त्यांना या कामाचं अर्धं शिक्षण आधीच मिळालेलं आहे.

पण म्हणून ही साल वाटून कुणाच्या हातावर नक्षी काढू नका. जुग्लोन कातडीला झोंबतं आणि काहींना त्याने फोडही येतात. बिब्ब्याला आपण जसे जपून हात लावतो, तसंच इथे वागायचं.

आधी जमवून ठेवायचं सामान

- नायट्रिलचे जाड हातमोजे, किमान दोन जोड. पातळ हातमोजे सालीच्या कडेने फाटतात.
- जुने कपडे आणि जुने बूट, जे नंतर याच कामाला राहतील.
- पाच गॅलनची झाकणाची प्लास्टिक बादली.
- स्टेनलेस स्टीलचं मोठं पातेलं. एकदा यात रंग उकळला की ते स्वयंपाकात परत आणायचं नाही. मी जुन्या सामानाच्या दुकानातून घेतलं आणि त्याच्या कानावर लाल दोरा बांधून ठेवला, म्हणजे पाहुण्यांकडूनही चूक होत नाही.
- जुना पंचा किंवा मलमलचं कापड, गाळायला.
- वजनकाटा आणि थर्मामीटर.
- अंगणात वापरता येईल अशी शेगडी. घरात उकळलंत तर वास दोन दिवस पडद्यांत राहतो.
- लागेल तसं: तुरटी, हिरड्याची पूड, धुण्याचा सोडा, हिराकस (लोखंडाचा क्षार, फेरस सल्फेट). तुरटीचा खडा आणि हिरडा भारतीय दुकानात मिळतो. हिरड्याच्या पाकिटावर बहुतेक वेळा ‘हरितकी’ लिहिलेलं असतं.

घरात कुणाला अक्रोडाची किंवा इतर सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर त्या व्यक्तीला या कामापासून पूर्ण लांब ठेवा. हे काम तिच्या गैरहजेरीत करण्यापेक्षा न केलेलं बरं.

१. झाड नक्की तेच आहे ना, ते पाहा

पान संयुक्त असतं, एका दांड्यावर साधारण पंधरा ते तेवीस पर्णिका, आणि टोकाची पर्णिका बऱ्याचदा नसते किंवा अगदी लहान असते. पान चुरगाळलं की लिंबासारखा, मसालेदार वास येतो. शंका असेल तर एक बारीक फांदी उभी चिरून पाहा: आतला गाभा शिडीच्या पायऱ्यांसारखा कप्प्याकप्प्यांचा दिसतो. फळ गोल असतं.

फळ लांबट, चिकट आणि लव असलेलं असेल तर तो बटरनट, म्हणजे याच कुळातला दुसरा अक्रोड. त्याच्या सालीचाही सुंदर रंग निघतो. अमेरिकी यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेच्या सैनिकांना ‘बटरनट’ हे नावच पडलं होतं, कारण त्यांचे घरी विणलेले कपडे या रंगात बुडवलेले असत. पण बटरनटची झाडं एका बुरशीच्या रोगाने फार कमी उरली आहेत. तुम्हाला ते झाड सापडलं तर त्याची फळं तिथेच रुजू द्या.

२. फळं गोळा करा

झाडावरून तोडू नका, पडलेलीच घ्या. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत ती पडत राहतात. हिरवी, पिवळट, अर्धी काळी, सगळी चालतात. साल काळी आणि मऊ पडली की तिच्यात बऱ्याचदा पांढऱ्या अळ्या दिसतात. ही अक्रोडाच्या सालीवर वाढणारी माशीची अळी. किळस वाटते, पण रंगाचं काही बिघडत नाही. हिरव्यागार सालीतून मला थोडा जास्त उबदार, पिवळसर झाक असलेला तपकिरी मिळतो आणि काळ्या सालीतून गडद.

शेजाऱ्याच्या अंगणातलं झाड असेल तर विचारा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, आणि पोतीही देतात. सार्वजनिक बागेतून उचलण्याआधी तिथला नियम पाहून घ्या.

बुरशी आलेली फळं अंगणात पडू देऊ नका. ती कुत्र्याने चावली तर त्याला झटके येऊ शकतात. आमच्याकडे कुत्रं नाही, पण शेजाऱ्यांचं रोज कुंपणाखालून येतं, म्हणून मी दर दोन दिवसांनी गवत स्वच्छ करते.

३. साल सोडवा

हे काम ताजेपणी करा. फळ फरशीवर ठेवून बुटाखाली दाबून गोल फिरवायचं. साल फाटून निघते. खूप कडक असेल तर चार दिवस पोत्यात ठेवा, मऊ पडते. लोक गाडीच्या चाकाखाली घालतात, पण अक्रोड गोळीसारखा उडतो. शिवाय डाग. आमच्या घरासमोरच्या सिमेंटच्या फरशीवर पहिल्या वर्षीचे गोल डाग दोन हिवाळे राहिले. आता मी गवतावर जुन्या फळीचा तुकडा ठेवून त्यावर काम करते.

आतले अक्रोड खायचे असतील तर ते कवचासकट लगेच धुवून, पाण्यात टाकून पाहा. बुडाले ते चांगले, तरंगले ते बहुधा पोकळ. बुडालेले हवेशीर जागी दोन-तीन आठवडे वाळवा. साल जास्त दिवस कवचावर राहिली तर आतला गर कडवट होतो. गर काढण्याचा उत्साह नसेल आणि तुम्ही मिझुरीच्या आसपास असाल तर आणखी एक सोय आहे: तिथल्या स्टॉकटन गावची हॅमन्स ही कंपनी दर शरदात ठिकठिकाणच्या केंद्रांवर लोकांनी वेचलेले काळे अक्रोड वजनावर विकत घेते. केंद्रावर यंत्राने साल काढतात.

४. भिजवा आणि थांबा

साली बादलीत अर्ध्यापर्यंत भरा, वर चार बोटं पाणी येईल एवढं ओता, झाकण लावा. झाकण महत्त्वाचं आहे, लहान मुलं आणि जनावरं यांच्यासाठी. किमान तीन दिवस, शक्य असेल तर आठवडाभर. रोज एकदा काठीने ढवळा, म्हणजे हवा आत जाते. पाणी दुसऱ्या दिवशीच चहासारखं, चौथ्या दिवशी कोऱ्या कॉफीसारखं होतं. आंबट वास येणं ठीक आहे.

या पायरीवर घाई करणारे सगळ्यात जास्त निराश होतात. सकाळी साल काढून दुपारी उकळली तर रंग निघतो, पण फिका आणि हिरवट. हवा लागायला वेळ मिळालेला नसतो.

आता वेळ नसेल तर साली जाड पिशवीत भरून गोठवून ठेवता येतात, किंवा उन्हात वाळवूनही. पिशवीवर मोठ्या अक्षरात ‘रंग, खाऊ नये’ लिहा.

५. उकळा आणि गाळा

सगळं पातेल्यात ओता आणि मंद आचेवर दीड-दोन तास ठेवा. खळखळ उकळायची गरज नाही. रात्रभर तसंच थंड होऊ द्या. सकाळी आधी चाळणीतून, मग पंच्याच्या दोन पदरांतून गाळा. दुसऱ्यांदा गाळण्याचा कंटाळा करू नका. सालीचे बारीक कण लोकरीत अडकले की तिथे गडद ठिपके पडतात, ते निघत नाहीत.

लोखंडी कढई किंवा टवका उडालेलं मुलाम्याचं भांडं घेऊ नका. लोखंड उतरतं आणि रंग काळपट जातो. विहिरीच्या पाण्यात लोह जास्त असेल तरीही तसंच होतं; अशा घरी पावसाचं पाणी वापरा.

६. लोकर रंगवा

सुरुवात लोकरीनेच करा. हा रंग तिच्यावर सर्वात सहज बसतो.

शंभर ग्रॅम कोरड्या लोकरीला गडद रंगासाठी दोनशे ते तीनशे ग्रॅम ताजी साल धरा. लडी सैल बांधा, चार ठिकाणी इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोरा घालून, नाहीतर गुंता होतो आणि बांधलेल्या जागी पांढरे पट्टे राहतात. सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात लोकर धुवा, मग तासभर साध्या कोमट पाण्यात भिजत ठेवा. कोरडी लोकर रंगात टाकली तर डागडाग होतात. माझी पहिली लड अशीच वाया गेली. एका बाजूला काळ्या गुळासारखी, दुसऱ्या बाजूला फिकट साखरेसारखी.

रंगाचं पाणी कोमट असतानाच लोकर घाला. पाऊण तासात हळूहळू ८० ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत न्या आणि तिथे एक तास ठेवा. अधूनमधून लड हलक्या हाताने वरखाली करा, घुसळू नका. उष्णता एकदम बदलली किंवा लोकर रगडली गेली की ती आकसून नमदा होते. आच बंद केल्यावर लड त्याच पाण्यात रात्रभर राहू द्या.

सकाळी लड बाहेर काढून, न धुता, सावलीत दिवसभर टांगा. पाण्यातून काढताना जो रंग दिसतो त्यापेक्षा संध्याकाळचा रंग खोल असतो. मेंदी काढल्यावर दुसऱ्या दिवशी चढते ना, तेच. मग साध्या पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.

उरलेलं पाणी फेकू नका. त्यात दुसरी लड भाजलेल्या खोबऱ्याच्या रंगाची निघते, तिसरी नाचणीच्या भाकरीसारखी. तिन्ही एकत्र विणल्या की कुठलाही चौथा रंग लागत नाही. माझ्या आईसाठी मी अशाच तीन छटांची शाल विणली होती.

७. सुती कापड: इथे आधीची तयारी जास्त

कापूस हा रंग लोकरीइतका धरत नाही, आणि लोक इथेच फसतात. नवीन ओढणी किंवा कुडता थेट रंगात बुडवला तर पहिल्या धुण्यात अर्धा रंग जातो.

आधी कापड धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर उकळा. शंभर ग्रॅम कापडाला दोन चमचे सोडा पुरे. खायचा सोडा नव्हे, तो फार सौम्य पडतो. नव्या पांढऱ्या कापडातूनसुद्धा पिवळं पाणी निघतं. ते मेण आणि खळ असते. नंतर खळखळून धुवा.

मग हिरडा. शंभर ग्रॅम कापडाला पंधरा ग्रॅम पूड, गरम पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर. कलमकारीचे कारागीर कापडाला हिरड्याचं पाणी देतात ते याच कारणासाठी: हिरड्यातलं टॅनिन सुताला धरतं, आणि पुढची तुरटी टॅनिनला. दुसऱ्या दिवशी कापड पिळून, पंधरा ग्रॅम तुरटी विरघळवलेल्या कोमट पाण्यात चार-पाच तास ठेवा. मग हलकं धुऊन रंगात घाला, तासभर गरम, रात्रभर गार.

इतकं करूनही सुती कापडावर गडद चॉकलेटी येत नाही. मऊ, बदामी-तपकिरी येतो. गडद हवा असेल तर वाळवून पुन्हा बुडवा, दोनदा, तिनदा. नऊवारीसारखं मोठं कापड पहिल्याच प्रयत्नात घेऊ नका. छोट्या पातेल्यात ते घड्यांच्या जागी हमखास चट्ट्यांचं होतं.

८. काळपट छटा हवी असेल तर हिराकस

शंभर ग्रॅम लोकरीला दोन ग्रॅम हिराकस, त्याहून जास्त नाही. वेगळ्या भांड्यात गरम पाण्यात विरघळवा, लोकर बाहेर काढून ते पाणी रंगात मिसळा, मग लोकर परत घालून दहा मिनिटं. तपकिरीचा कॉफीसारखा काळपट होताना दिसतो. हिराकस जास्त झाली तर लोकर खरखरीत होते आणि काही वर्षांत तुटायला लागते. हिरडा लावलेल्या सुती कापडावर हिराकस पडली तर ते राखाडी-काळं होईल. तोच रंग हवा असेल तरच वापरा. हिराकस पोटात गेली तर मुलांना घातक आहे, बाटली कुलपात ठेवा.

९. लाकडासाठी

हा भाग मला सर्वात आवडतो. गाळलेलं पाणी पातेल्यात परत मंद आचेवर आटवा, एक चतुर्थांश उरेपर्यंत. दाट, काळं, काकवीपेक्षा थोडं पातळ. पूर्ण गार झाल्यावर, शेगडी बंद असताना आणि तिच्यापासून लांब, चार भाग रंगाला एक भाग औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळा. त्याशिवाय आठवड्यात बुरशी येते. काचेच्या बाटलीत भरा आणि त्यावरही नाव लिहा.

लाकूड शेवटी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. मग ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. पाण्याने लाकडाचे रेशे उभे राहतात. ते पुन्हा हलकेच घासून काढा. ही पायरी आधी केली नाही तर रंग दिल्यावर पृष्ठभाग खरबरीत होईल आणि तेव्हा घासलं तर रंग निघून पांढरं दिसेल. पोलादी काथ्या वापरू नका. त्याचे कण लाकडात राहिले तर सालीतल्या टॅनिनशी मिळून काळे ठिपके पडतात.

त्याच लाकडाच्या तुकड्यावर आधी एक, दोन आणि तीन हात देऊन पाहा. मेपल आणि पॉप्लरवर सुंदर बसतो. पाइनवर चट्टे पडतात, कारण ते जागोजागी वेगळं शोषतं. ब्रशने रेशांच्या दिशेने द्या, दोन मिनिटांनी जादा रंग फडक्याने पुसा, चार तास वाळवा. वाळल्यावर मातकट, निस्तेज दिसतो. घाबरू नका. त्यावर लाखेचं पॉलिश, म्हणजे शेलॅक, दिलं की खोली वर येते. थेट पाण्यात विरघळणारं वॉर्निश दिलंत तर रंग त्यात उतरतो; मधे शेलॅकचा एक हात हवाच.

मी गणपतीसाठी पॉप्लरचा चौरंग असा रंगवला, तीन हात. दोन वर्षांनी तो खिडकीजवळच्या बाजूने थोडा फिकटला आहे, उन्हात हा रंग उतरतो. म्हणून अंगणातल्या बाकासाठी हा वापरू नका.

बाजारात ‘वॉलनट क्रिस्टल्स’ नावाने पूड मिळते. ती बहुधा अक्रोडाची नसते, पीट नावाच्या कुजलेल्या दलदलीच्या मातीतून काढलेली असते. लाकडाला तीही छान लागते, पण सालीसारखा रंग लोकरीवर मिळेल म्हणून विकत घेऊ नका.

सालीचं काम जुन्या हातांत कुठे पोचतं हे पाहायचं असेल तर नॉर्थ कॅरोलायनात चेरोकी गावी क्वाला आर्ट्स अँड क्राफ्ट्स या १९४६ पासूनच्या, मूळ अमेरिकी चेरोकी कारागिरांच्या संस्थेत जा. रिव्हरकेन या तिथल्या देशी बांबूच्या पट्ट्यांच्या टोपल्या असतात. तपकिरी पट्टा काळ्या अक्रोडाचा आणि तांबूस पट्टा ब्लडरूटच्या मुळाचा. एका टोपलीसमोर मी बराच वेळ उभी होते.

१०. चोथा आणि उरलेलं पाणी कुठे टाकायचं

जुग्लोन काही झाडांना मारतं. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही सगळी त्यात येतात, म्हणजे आपली आवडती परसबागच. हे मला ठाऊक नव्हतं तेव्हा मी अक्रोडाच्या सावलीबाहेर, पण मुळांच्या आवाक्यात, बारा टोमॅटो लावले होते. जूनच्या अखेरीस, पाणी घालूनही, एकेका रोपाने हिरवं असतानाच मान टाकली. आता भाज्या घराच्या दुसऱ्या बाजूला उंच वाफ्यात असतात.

म्हणून चोथा भाजीच्या वाफ्यात किंवा तिथे जाणाऱ्या खतात घालू नका. मी तो त्याच अक्रोडाखाली पसरते, उरलेलं पाणीही तिथेच. ओढ्यात, तळ्यात किंवा रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात काहीही ओतू नका. ही साल पाण्यात कुटून मासे गुंगवून पकडायची पूर्वी रीत होती, आणि ते पाणी शेवटी कुठल्यातरी ओढ्यातच जातं. शेजारी घोडे असतील तर या झाडाचा भुसा त्यांच्या तबेल्यात जाणार नाही हे पाहा, त्याने खूर सुजतात.

पातेलं, काठी, पंचा आणि बूट एका खोक्यात बांधून शेडमध्ये ठेवा. त्यात एक कागद टाका: साल किती, लोकर किती, किती दिवस भिजवलं, आणि प्रत्येक लडीचा एक वीतभर तुकडा त्याला बांधलेला.